लॅपटॉप चालूच होईना
आज सकाळी लॅपटॉप चालूच होईना. चार्जर लावला तरी दिवा पेटेना. मल्टिमीटरने (व्होल्टेज मोजायच्या यंत्राने) चार्जरचा अडॅप्टर तपासला, त्यावर छापलेले १९.५ व्होल्ट व्यवस्थित येत होते. म्हणजे गडबड आतच.

मग चार्जर काढून पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरलं. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, उरलेला चार्ज असा निघून जातो आणि अडकलेला पॉवर कंट्रोलर (वीजपुरवठा सांभाळणारी चिप) पुष्कळदा मोकळा होतो. हा उपाय फुकटचा आहे, आधी करावाच. माझ्याकडे मात्र उपयोग झाला नाही.

शेवटी चार्जरची पिन जराशी तिरकी धरली आणि दिवा क्षणभर लुकलुकला! टॉर्च मारून पाहिलं, तर चार्जिंगचा जॅकच (पिन जिथे घालतो ती खाच) सैल झालेला. बऱ्याच मॉडेलमध्ये हा जॅक वायरने जोडलेला सुटा भाग असतो. कुणी थेट मदरबोर्ड बदलायला सांगितलं, तर जॅक सुटा बदलता येतो का, हे आधी विचारा. आणि हो, टचपॅड वर उचललेला किंवा खालचं झाकण फुगलेलं दिसलं तर चार्जिंगला अजिबात लावू नका, बॅटरी फुगलेली असू शकते.

जीव अडकला होता तो फाइल्समध्ये. एसएसडी, म्हणजे फाइल्स साठवणारी ड्राइव्ह, काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येणाऱ्या बाहेरच्या केसमध्ये लावली. सगळ्या फाइल्स जागच्या जागी आहेत. जॅक उद्या बदलून मिळेल.