आखेनमधलं पहिलं सेमिस्टर : आधी घराचा पत्ता, मग बाकी सगळं

माझं आखेनमधलं पहिलं सेमिस्टर संपत आलंय, परीक्षा चालू आहेत, आणि सांगली-पुण्याकडच्या ज्युनिअर मुलामुलींचे सारखे मेसेज येतायत की ताई तिकडे गेल्यावर पहिल्यांदा काय करायचं, किती पैसे लागतात, जर्मन येत नसेल तर चालतं का. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते. मी मेकॅनिकलची, इथल्या आरडब्ल्यूटीएच या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्स करतेय. आखेन म्हणजे जर्मनीचं अगदी पश्चिमेचं टोक, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेला लागून. त्यामुळे शहरांची नावं आणि पावसाचं प्रमाण तुमच्याकडे वेगळं असेल पण कागदपत्रांचा गुंता सगळ्या जर्मनीत साधारण असाच आहे.

निघायच्या आधीचं थोडक्यात सांगते कारण ते सगळीकडे वाचायला मिळतं. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली मार्कशीट-डिग्री खरी आहे हे तपासून दिलेला दाखला, लागतंच, त्याची फी १८ हजार रुपये, आणि ते हातात यायला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही म्हणून ॲडमिशनच्या अर्जाच्या कितीतरी आधी त्याला हात घाला. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि त्यातून तुम्हाला महिन्याला ९९२ मिळतात. सरकारी युनिव्हर्सिटीत फी नसते हे बहुतेक ठिकाणी खरं आहे, पण डोळे झाकून धरून चालू नका. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह वगैरे ठिकाणी युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो फी आहे, आणि इतर ठिकाणीही काही खास इंग्रजी मास्टर्स कोर्सना सेमिस्टरला हजारो युरो लागतात. युनिव्हर्सिटीचं नाव बघून खूश होऊ नका, त्या कोर्सच्या पानावर जाऊन फी वाचा. माझ्या कोर्सला फक्त सेमिस्टरचं योगदान भरावं लागतं, साधारण तीनशे युरोच्या आसपास, आणि त्यातच देशभर लोकल गाड्या-बसमध्ये चालणारं तिकीट येतं.

आता मुख्य मुद्दा. इथे आल्यावर तुमचं सगळं आयुष्य एका गोष्टीवर अडकलेलं असतं आणि ती म्हणजे तुमचा पत्ता. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक फॉर्म लागतो. तो नोंदवला की एक कागद मिळतो, तो कागद बऱ्याच बँका खातं उघडायला मागतात, खातं असेल तर ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे सुटतात, त्याच नोंदणीवरून काही आठवड्यांनी टॅक्स नंबर पोस्टाने येतो, टॅक्स नंबर नसेल तर पगाराचं काम नीट होत नाही, आणि व्हिसा संपायच्या आत जे रेसिडेन्स परमिट घ्यायचं असतं तिथेही हाच कागद पहिल्यांदा विचारतात. म्हणजे घर नाही तर काहीच नाही. इथे पोचलेली हुशार हुशार मुलं पहिल्या महिन्यात रडकुंडीला आलेली मी बघितली आहेत आणि दर वेळी कारण हेच, घर तात्पुरतं आणि पत्ता नोंदवू देत नाहीत.

म्हणून भाड्याचं बोलताना पहिला प्रश्न भाड्याचा नको, पत्ता नोंदवता येईल का हा विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. ॲडमिशनचं पत्र आलं त्याच दिवशी हॉस्टेलला म्हणजे स्टुडिरेंडनवेर्कला अर्ज टाका, वेटिंग लिस्ट लांब असते पण नाव असू द्या. दुसरा चांगला मार्ग म्हणजे कोणीतरी इंटर्नशिपला दुसऱ्या शहरात जात असतं, त्याची खोली काही महिन्यांसाठी घेणं. मला तसंच मिळालं, कोल्हापूरचा एक सिनिअर जाणार होता आणि त्याने घरमालकाची परवानगी काढून मला खोली दिली. एका दुसऱ्या ठिकाणी मात्र मालकाने मी सध्या देशाबाहेर आहे, तुम्ही डिपॉझिट पाठवा मी चावी कुरियर करतो असं लिहिलं होतं. तिथेच बोलणं थांबवलं. असा मेल आला की समजून जा, खोली बघितल्याशिवाय किंवा तुमच्या ओळखीच्या कोणी प्रत्यक्ष जाऊन बघितल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असतं. मूळ भाडं म्हणजे काल्टमीटं, त्यात हीटिंग-पाणी आलं की वार्ममीटं, जाहिरातीत कुठला आकडा लिहिलाय ते बघूनच हिशोब करा.

आणि एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही. पोस्टाच्या पेटीवर तुमचं आडनाव लावा, पहिल्याच दिवशी, साध्या कागदाची चिठ्ठी चिकटवली तरी चालेल. इथे बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात, इन्शुरन्स, टॅक्स नंबर सगळं पोस्टाने येतं आणि पेटीवर नाव नसेल तर पाकीट परत जातं. काही आठवड्यांनी टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचं पत्रही येईल, महिन्याला १८.३६ युरो, ती टीव्ही नसला तरी भरावी लागते पण माणशी नाही तर घरटी एक, म्हणजे फ्लॅटमध्ये चौघं असाल तर एकाने भरायची आणि वाटून घ्यायची. दुर्लक्ष केलं तर बाकी साचत जाते.

पैसे सुटायला वेळ लागतो म्हणून पहिल्या महिना-दीड महिन्याचा खर्च आणि डिपॉझिट फॉरेक्स कार्डवर वेगळं आणा. विद्यार्थ्यांचा सरकारी हेल्थ इन्शुरन्स महिन्याला साधारण १४०-१५० युरो पडतो, वय तीसच्या पुढे असेल तर हा दर मिळत नाही, त्यांनी आधीच चौकशी करावी. मोबाईलचा दोन वर्षांचा करार आल्याआल्या करू नका, सुपरमार्केटमध्ये प्रीपेड सिम मिळतं ते पुरतं. आणि वैयक्तिक दायित्वाचा विमा, हाफ्टफ्लिष्ट म्हणतात त्याला, वर्षाला साधारण पन्नास युरोत मिळतो, तो घ्याच. हॉस्टेलची मास्टर चावी हरवली तर सगळी कुलपं बदलायचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो, घेताना चावी हरवणं त्यात धरलंय ना तेवढं बघा.

बॅग भरताना आईला एक समजावून सांगा, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, तूप, बर्फी काही नको. मसाले, मेतकूट, चटण्या, पापड, डाळी आणा. कुकर आणायचा असेल तर सपाट बुडाचा आणा आणि इंडक्शनवर चालणाराच घ्या, कारण इथे बहुतेक घरात काचेची इलेक्ट्रिक शेगडी असते आणि गोल बुडाच्या भांड्याला तिच्यावर उष्णता नीट लागत नाही. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, भेंडी, चांगलं घट्ट दही टर्किश दुकानात मिळतं आणि जिरं-मोहरी एशियन दुकानात. फोडणी देताना पंखा चालू आणि स्वयंपाकघराचं दार बंद, खोल्यांमध्ये धुराचे अलार्म असतात आणि ते खरंच वाजतात. हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पूर्ण उघडून हवा बदलायची, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि डिपॉझिटमधून कापतात. रविवारी दुकानं बंद, स्टेशनवरची आणि काही बेकऱ्या सोडल्या तर, त्यामुळे शनिवारीच भाजी भरून ठेवा. नळाचं पाणी बिनधास्त प्या. प्लास्टिकची बाटली, कॅन फेकू नका, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत मिळतात.

आता अभ्यास, ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं. मला इथे सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच आहे आणि सगळ्यात जास्त जपून राहण्याचीही हीच. बहुतेक लेक्चर्सना हजेरी नाही, सबमिशनच्या फायली नाहीत, कोणी विचारत नाही तू कुठे होतास. खूप विषयांत सगळे मार्क शेवटच्या एका पेपरवर असतात. पुण्यात आपल्याला शेवटच्या पंधरा दिवसांत जर्नल पूर्ण करून, अपेक्षित प्रश्न पाठ करून निघायची सवय असते, ते इथे चालत नाही कारण पेपरमध्ये नवीन समस्या देतात आणि तुम्ही तिच्याकडे कसं बघता ते तपासतात. लेक्चरसोबत उदाहरणं सोडवायचा वेगळा तास असतो, युबुंग, त्याला जाणं सोडू नका. फाखशाफ्ट म्हणजे विभागाची विद्यार्थी संघटना, त्यांच्याकडे बऱ्याच विषयांचे जुने पेपर मिळतात. मार्क उलटे आहेत, १.० सर्वोत्तम, ४.० पर्यंत पास. परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, ठराविक तारखेच्या आत ऑनलाईन, आणि ती तारीख गेली की गेली, कितीही विनंती करा. आमच्याकडे एका विषयाला साधारण तीन संधी असतात, तिसऱ्यांदा नापास झालात तर त्या कोर्समधून नाव निघू शकतं आणि मग व्हिसाही अडचणीत येतो. म्हणून तयारी नसेल तर मुदतीत नाव काढून घेणं हा शहाणपणा आहे, इथे त्याला कोणी कमीपणा समजत नाही. एक सांगायलाच हवं, निकालानंतर एक दिवस ठरवून देतात, जाऊन आपला तपासलेला पेपर बघायचा आणि मार्क कुठे गेले ते असिस्टंटला विचारायचं, आणि तो खरोखर शांतपणे बसून समजावतो. आधीच्या एका छोट्या परीक्षेनंतर मी तशी बसले होते, मला आजवर कधी कुठे इतका आदराने पेपर दाखवला गेला नव्हता. लेक्चर संपलं की सगळी मुलं टाळ्या न वाजवता बाकावर टकटक करतात, तेही फार छान वाटतं.

जर्मन येत नसेल तर चालतं का, तर वर्गात चालतं, वर्गाबाहेर दमछाक होते. मी पुण्याला मॅक्स म्युलर भवनमध्ये जर्मनच्या ए२ लेव्हलपर्यंत केलं होतं, त्याच्यावर बसमध्ये, दुकानात, ऑफिसात निभावलं. ऑफिसातली माणसं तुटकं जर्मन बोललात की लगेच मऊ होतात हा माझा अनुभव. प्रत्येक कागदाच्या प्रिंट आणि झेरॉक्स सोबत न्या, मोबाईलवर दाखवतो म्हणू नका.

हवेची मनाची तयारी ठेवा. डिसेंबरमध्ये साडेआठला उजाडतं आणि साडेचारला अंधार पडतो, आणि आखेनमध्ये वर पाऊस. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे जातं आणि भारताशी साडेतीनचा फरक साडेचार तास होतो, त्यामुळे घरी फोन करायच्या वेळा बदलाव्या लागतात. जाड जॅकेट इथेच घ्या, आपल्याकडच्या जाड जॅकेटात इथला वारा शिरतो. या दिवसांत खोलीत बसून राहिलात तर मन खचतं, हे मी मनापासून सांगतेय. युनिव्हर्सिटीचे खेळाचे क्लास स्वस्त असतात, एक तरी लावा, जर्मन मुलांशी खरी ओळख तिथेच होते, वर्गात ती लवकर बोलत नाहीत. ऊन पडलं की लाउसबर्ग टेकडीवर जा, नाहीतर गावातल्या डोममध्ये, म्हणजे जुन्या कॅथेड्रलमध्ये. शार्लमेन राजाचं दफन तिथे आहे, ८१४ सालचं, आणि १९७८ मध्ये युनेस्कोच्या पहिल्यावहिल्या यादीतच ते आलं. आत घुमटाखाली उभं राहिलं की थंडी वगैरे विसरायला होतं. जवळच एलिझेनब्रुन्नेनला गरम पाण्याचे झरे आहेत, गंधकाचा वास येतो, आपल्या वज्रेश्वरीची आठवण आली मला. कोलोन रेल्वेने तासाभरावर, सेमिस्टर तिकिटावर फुकट, फक्त आयसीईसारख्या जलद गाड्यांत ते तिकीट चालत नाही आणि विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड.

नोकरीचं शेवटी लिहितेय कारण सगळे ते पहिल्यांदा विचारतात. पहिल्या सेमिस्टरचा खर्च पार्टटाइमवर काढू असं धरून येऊ नका, टॅक्स नंबर यायलाच वेळ जातो. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. युनिव्हर्सिटीच्याच संस्थेत असिस्टंटचं काम, ज्याला सगळे हीवी म्हणतात, मिळालं तर ते या दिवसांत धरत नाहीत आणि अभ्यासालाही उपयोगी पडतं. आखेनला फ्राउनहोफरच्या संशोधन संस्था आहेत, मशीन टूल्सची डब्ल्यूझेडएल ही प्रयोगशाळा आहे, त्यांच्या वेबसाइटवर जागा निघत असतात. अर्ज करताना पन्नास जणांना एकच मेल पाठवू नका. त्या ग्रुपचं काम काय चाललंय ते वाचा, तुमच्या बीईच्या प्रोजेक्टचा त्याच्याशी काय संबंध आहे ते तीन-चार ओळीत लिहा, मार्कशीट जोडा, आणि आठवड्याला किती तास देऊ शकता तो खरा आकडा लिहा. आता माझी मुलाखत झालीय ती अशाच एका मेलवर, परीक्षा संपल्या की एप्रिलपासून सुरू करायचं असं ठरलंय.