बॉल गेला आणि माझी नजरही गेली

मी न्यू जर्सीत राहतो, आठवडाभर एका कंपनीचे डेटाबेस सांभाळतो आणि शुक्रवारी संध्याकाळी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल मॅचेसना रेफरी म्हणून जातो. हे ऐकलं की महाराष्ट्र मंडळातली माणसं पहिलं विचारतात, म्हणजे ते हेल्मेटवालं ना, नाव फुटबॉल आणि सगळा खेळ हाताने? हो, तेच. दुसरा प्रश्न, पैसे किती देतात. गाडीचं पेट्रोल आणि मॅचनंतरचा पिझ्झा सुटतो एवढे देतात, पुढे.

पोरगा शाळेत फ्लॅग फुटबॉल (पाडापाडी नाही, नुसती कमरेची पट्टी ओढायची) खेळायला लागला तेव्हा नियम कळावेत म्हणून मी क्लासला गेलो आणि तिथेच अडकलो. आधी काही वर्षं साइडलाइनला उभं राहून काढली, मग पांढरी टोपी मिळाली. आमचा पाच जणांचा क्रू असतो, चौघांच्या टोप्या काळ्या आणि रेफरीची एकट्याची पांढरी, म्हणजे शिव्या नेमक्या कुणाला द्यायच्या ते स्टँडमधल्या लोकांना लांबूनही कळतं.

पांढऱ्या टोपीवाल्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास टाकणाऱ्या पोराच्या, मागे बारा-पंधरा यार्डांवर, तो ज्या हाताने फेकतो त्या बाजूला उभं राहायचं आणि त्याच्याकडे बघायचं. बस. गंमत अशी की बॉल त्याच्या हातातून सुटला की अख्खं ग्राउंड मान वर करून बॉलकडे बघतं, कोच बघतात, आया बघतात, हॉटडॉग विकणारा पण बघतो, आणि तुम्ही एकट्याने बघायचं नसतं. कारण त्याच क्षणी त्या पोराची अवस्था सगळ्यात वाईट असते. हात वर गेलेला, बरगड्या उघड्या, एका पायावर वजन, डोळे लांब पास झेलणाऱ्या रिसीव्हरवर, आणि समोरून शंभर किलोचा गडी सुटलेला. म्हणून बॉल सुटला की आम्ही मोठ्याने ओरडतो, "बॉल गॉन, बॉल गॉन!", म्हणजे येणाऱ्याला कळावं की बाबा आता थांब. थांबायचा प्रयत्न न करता तो जाऊन आदळला तर रफिंग द पासर नावाचा फाउल, पंधरा यार्ड आणि वर फुकट फर्स्ट डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे जायला चार नवे डाउन, चार नवे प्रयत्न.

तर दोन सीझनपूर्वीचा ऑक्टोबर. थंडी नुकती पडायला लागलेली, गवतावर दव, लाइटखाली सगळ्यांच्या तोंडातून वाफा. होम टीमचा क्वार्टरबॅक अकरावीतला, बारीकसा पोरगा, प्रत्येक वेळी मला "सर" म्हणणारा. पहिल्या क्वार्टरमध्येच मला दिसलं की त्याच्या उजवीकडच्या टॅकलला, म्हणजे त्याला राखणाऱ्या गड्याला, समोरचा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे कडेने धावून येणारा, झेपत नाहीये, दर दुसऱ्या प्लेला तो वळसा घालून आत शिरत होता, म्हणजे आज या पोराजवळ कामाची कमी पडणार नव्हती.

दुसरा क्वार्टर, थर्ड अँड इलेव्हन, म्हणजे तिसरा प्रयत्न आणि अकरा यार्ड बाकी. स्नॅप झाला, म्हणजे बॉल मागे त्याच्या हातात आला, पोरगा पाच पावलं मागे आला आणि त्याने असला काही पास टाकला की काय सांगू. फिरकी अशी घट्ट, लाइटच्या उजेडात बॉल तरंगल्यासारखा वाटत होता, रिसीव्हर दोन डिफेंडर मागे टाकून पळत होता आणि मी... मी बघितलं. सात-आठ वर्षं जे करायचं नाही म्हणून घोकलं तेच केलं, बॉलबरोबर माझी मान गेली. "बॉल गॉन" ओरडायचंही राहिलं. बॉल रिसीव्हरच्या बोटांना लागून खाली पडला, स्टँडमधून "ओओह" आलं, आणि त्याच्या मागोमाग माझ्या पुढ्यातून दुसरा आवाज आला, गच्च भरलेलं पोतं टेम्पोतून खाली टाकल्यावर येतो तसा.

वळून बघतो तर पोरगा खाली आणि तो एंड त्याच्या अंगावरून उठतोय. कधी पोचला, किती पावलं टाकली, सगळं वजन घालून पडला की घसरला, मला काहीच माहीत नाही. आणि जे बघितलं नाही त्याला फाउलचा पिवळा फ्लॅग टाकता येत नाही. आवाजावरून टाकता येत नाही, कोचच्या चेहऱ्यावरून तर अजिबात नाही. क्रूमधल्या अंपायरकडे बघितलं, तो डिफेन्सच्या मागे उभा असतो, पण पास गेला की त्यालाही तिकडे वळावं लागतं, त्याने हळूच मान हलवली. नाही. शाळेच्या रेग्युलर सीझनला सहसा रिप्ले वगैरे काही नसतो, जे आहे ते आमचे पाच जोड डोळे.

पोरगा कुशीवर पडून तोंड उघडं ठेवून श्वास ओढत होता आणि तो येत नव्हता. मी टाइम थांबवला, ट्रेनरला, म्हणजे दुखापती बघणाऱ्या माणसाला, बोलावलं. तोपर्यंत गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्यांत बघत राहिलो, कारण गोंधळलेला आहे, डोकं धरतोय, नजर ठरत नाहीये असं काही दिसलं तर त्याला बाहेर काढायचं आणि डॉक्टरी माणसाने सोडल्याशिवाय परत घ्यायचं नाही हा नियम २०१० पासून पुस्तकात आहे, त्यात वाद नाही. डोकं नव्हतं लागलं. छातीतली हवा गेली होती. हेल्मेटच्या जाळीत गवताचं एक ढेकूळ अडकलं होतं आणि श्वास परत आल्यावर त्याने पहिलं ते बोटाने काढलं आणि म्हणाला, "आय एम गुड, सर." नियमाप्रमाणे एका प्लेसाठी बाहेर. आणि फ्लॅग नाही म्हणून फोर्थ डाउन, त्यांनी पंट केला, म्हणजे बॉल लांब लाथाडून देऊन टाकला. पंधरा यार्ड आणि फर्स्ट डाउन मिळायला हवा होता तिथे बॉल समोरच्यांना.

त्यांचा कोच साइडलाइनवरून काय काय बोलला ते लिहीत नाही. मतलब एवढाच की माझं पोरगं मरायची वाट बघताय का. तो बरोबर होता आणि मला त्याला "मी बघितलं नाही" एवढंच सांगता आलं. रेफरीच्या तोंडी याच्याइतकं घाण वाक्य नाही.

हाफटाइमला लॉकर रूममध्ये मी गप्प. क्रूमधला आमचा अंपायर रिटायर्ड पीटी मास्तर आहे, तीस वर्षं शिट्टी वाजवतोय, त्याने संत्र्याची फोड पुढे केली आणि म्हणाला, बॉल छान होता ना? मी म्हटलं, खूपच.

थर्ड क्वार्टर. ट्रेनरने पोराला सोडलं होतं, तो परत आत. सेकंड डाउनला तोच एंड परत सुटला आणि या वेळी त्याने पोराला मागून कमरेत धरलं. दोन्ही हातांची मिठी. पोराचे पाय चालूच होते पण तो मागे मागे ओढला जात होता, आणि समोरून लाइनबॅकर, डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतला, मोकळा, खाली वाकून पूर्ण वेगात. कबड्डीत पकड झाल्यावर चढाईवाला रेषेकडे बोट ताणत असतो तेव्हा पंचाला जे ठरवायचं असतं तेच इथे, संपलं की नाही संपलं? आमच्या पुस्तकात म्हटलंय की धावणाऱ्याला धरल्यामुळे त्याची पुढची चाल थांबली की बॉल डेड, म्हणजे प्ले तिथेच संपला. थांबली म्हणजे नक्की कधी, ते शिट्टी वाजवणाऱ्यावर.

मी वाजवली. कडक, लांब. लाइनबॅकरने ऐकलं, दोन्ही हात वर केले आणि पोराच्या खांद्याला जेमतेम घासून बाजूने निघून गेला. आणि त्याच वेळी पोराने, तसाच लटकलेला, मनगटाने बॉल पुढे ढकलला, त्याच्याच टीमच्या रनिंग बॅकने तो घेतला आणि सरळ एंड झोनपर्यंत, म्हणजे पॉइंट मिळतात तिथपर्यंत, पळाला. त्याला शिट्टी ऐकूच आली नव्हती. बँडने वाजवायला सुरुवात पण केली.

मी हात हलवत पुढे गेलो, नाही, डेड, सात यार्ड मागे. तोच कोच, ज्याच्या मते तासापूर्वी मी त्याच्या पोराला वाचवत नव्हतो, आता मी त्याच्या पोराला खेळू देत नव्हतो. त्याने टाइमआउट घेऊन कॉन्फरन्स मागितली, तो त्याचा हक्क आहे, पण नियम चुकीचा लावला असेल तरच, निर्णय पटला नाही म्हणून नाही. मी शांतपणे सांगितलं की चाल थांबली असं माझं जजमेंट आहे, टाइमआउट त्याच्या खात्यावर गेला, आणि जाता जाता तो म्हणाला, "माइक केरीने वाजवली नव्हती."

हे न्यू जर्सीत फार लागतं हो. जायंट्स ही टीम, नावाला न्यू यॉर्कचे पण खेळतात इथेच, ईस्ट रदरफोर्डला. फेब्रुवारी २००८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलमध्ये, त्यांच्या क्वार्टरबॅक इलाय मॅनिंगला समोरच्या पेट्रियट्स टीमच्या लोकांनी जर्सीला धरून जवळजवळ फिरवला होता, तरी तो सुटला, लांब फेकला आणि रिसीव्हर टायरीने बॉल हेल्मेटला दाबून ३२ यार्डांचा कॅच घेतला, तोवर एकही मॅच न हरलेले पेट्रियट्स १७-१४ ने हरले. रेफरी माइक केरी. एनएफएलमध्ये, म्हणजे प्रोफेशनल लीगमध्ये, क्वार्टरबॅक पुरता पकडीत आला की शिट्टी वाजवायचा नियम १९७९ पासून आहे, तरी केरीने थांबून बघितलं आणि इतिहास झाला. आता इथल्या प्रत्येक कोचच्या खिशात तो प्ले असतो. त्या रात्री समोरून लाइनबॅकर येत असता आणि मॅनिंगची मान मोडली असती तर त्याच केरीला लोक काय म्हणाले असते ते कुणी विचारत नाही.

फोर्थ क्वार्टरला अजून एक झालं, पण त्यात मला फार बोलायचं नाही. पोरगा प्रेशरमध्ये उजवीकडे पळाला आणि कुणीच नसताना बॉल साइडलाइनबाहेर फेकला, आता समोरचा कोच ग्राउंडिंग ग्राउंडिंग ओरडायला लागला, म्हणजे पकडलं जाऊ नये म्हणून बॉल उगाच फेकून दिल्याचा फाउल. २०२२ च्या आधी त्याचंच खरं होतं, पाच यार्ड मागे आणि डाउन पण गेला. आता स्नॅपच्या जागेपासून चार यार्ड बाजूला गेलेला असेल आणि बॉल लाइन ऑफ स्क्रिमेजपर्यंत (प्ले जिथून सुरू झाला ती रेषा) पोचत असेल तर पासरला तसा फेकून देता येतो, एवढ्याचसाठी की फालतू सॅक खाऊ नये, म्हणजे बॉल हातात असताना मागेच पाडलं जाऊ नये. साइडलाइनवरच्या लाइन जजने मला अंगठा दाखवला, बॉल पोचला होता. फ्लॅग नाही. यावर त्या कोचने टोपी आपटली. स्टँडमधले बाप तर काय, रविवारी टीव्हीवर बघितलेले नियम शुक्रवारी आमच्यावर ओरडतात. एनएफएलमध्ये बॉल सुटल्यावर येणाऱ्याला एक पाऊल माफ असतं, आमच्याकडे पावलं मोजलेली नाहीत. २०१७ ला त्यांच्या क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सची कॉलरबोन मोडली आणि पुढच्या वर्षी त्यांनी सगळं वजन अंगावर टाकायची बंदी कडक केली, ते वाक्य आमच्या पुस्तकात नाहीये. कुणाकुणाला सांगत बसणार?

शनिवारी सकाळी डायनरमध्ये मॅचचा व्हिडिओ बघितला. पहिल्या प्लेला बॉल सुटल्यावर एंडने तीन पावलं टाकली होती, तीन, मग मिठी, मग वरून पूर्ण अंग. शेंबड्या पोरानेही फ्लॅग टाकला असता. आणि फ्रेमच्या कोपऱ्यात माझी पांढरी टोपी, तोंड पार दुसरीकडे, पतंग बघणाऱ्या पोरासारखं वर. तो फ्रेम मास्तरने तसाच थांबवून कॉफी घेतली.

मग दुसरा प्ले. मागे, पुढे, परत मागे. शिट्टीच्या वेळी पोराचे पाय अजून चालू होते. मागे जात होते हे खरं, पण चालू होते. मास्तरने विचारलं, "दुसऱ्या क्वार्टरमधला तो हिट झाला नसता तर वाजवली असतीस?"

मला उत्तर देता आलं नाही. मला आठवला तो २०२२ चा सीझन, सप्टेंबरच्या शेवटी मायामीचा क्वार्टरबॅक तुआ टागोवायलोआ सिनसिनाटीत डोक्यावर आपटला, बोटं वाकडी होऊन आखडली, स्ट्रेचरवरून नेला, सगळा देश बघत होता. त्यानंतर दहा दिवसांनी फाल्कन्स टीमच्या ग्रेडी जॅरेटने क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला एकदम साधा सॅक केला, धरला आणि खाली पाडला, त्याला रफिंगचा फ्लॅग पडला आणि फाल्कन्स २१-१५ ने हरले. लोक म्हणाले, तुआला बघून रेफरी घाबरलेत. मी सोफ्यावर बसून सगळ्यात मोठ्याने हसलो होतो, बायकोला बोलावून दाखवलं होतं की बघ, याला म्हणतात घाबरट फ्लॅग.

दुपारी, म्हणजे तिकडे रात्री, बाबांचा साताऱ्याहून फोन. ते तरुणपणी तालुक्याच्या कबड्डी स्पर्धांना पंच म्हणून जायचे. त्यांना क्वार्टरबॅक वगैरे काही कळत नाही, मी कबड्डीच्या भाषेत सगळं सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, "पोराला लागलं नाही ना दुसऱ्यांदा?" नाही म्हटलं. "आणि पहिल्यांदा तू कुठं बघत होतास?" मी म्हटलं, बॉलकडे. त्यावर नुसतं "हं", आणि मग पाऊस, सोयाबीन, काकांचं ऑपरेशन.

पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या गावात, दुसरी पोरं. तिसऱ्याच प्लेला लांब पास पडला. मी घसा फाटेस्तोवर "बॉल गॉन" ओरडलो, इतका की येणारा एंड दचकून थांबला आणि क्वार्टरबॅकला पडू नये म्हणून त्याचा दंड धरून उभा राहिला. मी दोघांकडे बघतच राहिलो. मागे कुठल्या तरी बाजूचे लोक किंचाळत होते. मी मास्तरला विचारलं, "काय झालं, पकडला का?"

"बघितलं नाहीस?" तो म्हणाला. "फार भारी होता."