बेशरमीची चटक

“शेळी काय वाट्टेल ते खाईल, पण बेशरमीला तोंड लावायची नाही,” असं आमच्या आटपाडी भागात कुणीही सांगेल. म्हणून तर ओढ्याकाठच्या रानाला लोक बेशरमीच्या झुडपांचं कुंपण करतात. फांदी खोचली की फुटते, आणि उन्हाळ्यात सगळं शिवार करपलं तरी ही हिरवीगार. गोम तिथंच आहे. मे महिन्यात उपाशी शेळी काय सोडणार? एकदा चटक लागली की पुढ्यात चारा असला तरी ती कुंपणाकडंच ओढ घेते. तिचं बघून बाकीच्याही शिकतात.

मी वाड्यावस्त्यांवर शेळ्यांना लस टोचत फिरतो. “डॉक्टर, हिला वारं लागलंय का बघा,” म्हणत कुणीतरी शेळी पुढं करतं. (मी डॉक्टर नाही, पण ते सांगून दमलो.) उभी असते तोवर ती ठीक दिसते. पळवली की मागचे पाय झोकांडतात, मान थरथरते. तोंड वर उचलून धरून सोडलं तर कधी तिथंच कोलमडते. मग मी आधी कुंपण बघतो. शेळीच्या तोंडाच्या उंचीपर्यंतचा पाला ओरबाडलेला असला की बाकी फार विचारावं लागत नाही.

यातलं विष स्वेनसोनिन. ते बेशरम स्वतः बनवत नाही, तिच्या आत राहणारी बुरशी बनवते. पेशीतली साखर मोडणारं एक विकर (एन्झाइम) ते विष अडवतं. न मोडलेली साखर साठून मेंदूच्या पेशी फुगतात. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूला जास्त मार बसतो. अमेरिकेतल्या कुरणांत लोकोवीड नावाचं तण खाऊन घोडी, गुरं वेडावतात, तेही याच विषानं. ते पहिल्यांदा सापडलं मात्र ऑस्ट्रेलियात, १९७९ साली, स्वेनसोना नावाच्या झुडपात.

हे सगळं आठवड्या-आठवड्यांनी चढतं, म्हणून मालकाच्या ध्यानात येत नाही. औषध नाही. बेशरम खाणं लवकर तोडलं तर शेळी सावरते. फार दिवस खाल्लं असेल तर लंगडा तोल जन्माचा. गाभणीनं खाल्लं तर करडू इतकं अशक्त निपजतं की त्याला उभं राहून आचळ धरता येत नाही.

कुंपण काढा म्हटलं की मालक म्हणतो, मग काय लावू? निवडुंग लावा, काटेरी तार ओढा, नाहीतर शेळ्या तरी दुसरीकडं बांधा. आणि छाटलेल्या फांद्या ओढ्यात ढकलू नका. खाली दुसऱ्याच्या शेळ्या चरतात.