अंगठ्याचा रकाना

बहात्तरच्या दुष्काळात मी सतरा वर्षांचा होतो आणि अक्षर बरं होतं. एवढ्या भांडवलावर मला पाटोद्याकडच्या एका पाझर तलावाच्या कामावर मस्टर लिहायला बसवलं. बाभळीखाली पत्र्याची पेटी, तिच्यावर मस्टर, शेजारी शाईचा पॅड. पगाराच्या दिवशी बायका रांगेनं यायच्या, पैसे दोनदा मोजायच्या, अंगठा द्यायच्या आणि शाई केसांना पुसत निघायच्या. "माजं नाव लिवलं का रं लेकरा?" हे दिवसातून पन्नासदा ऐकायचो. पुढं रोजगार हमीवर हेच करत करत निवृत्त झालो.

नात नांदेडला इतिहासात एम.ए. करते. मागच्या महिन्यात तिनं मोबाईलवर जर्मनीतल्या आरोल्सन इथल्या अभिलेखागारातले कागद दाखवले. नाझींच्या छळछावण्यांमधल्या कैद्यांची कार्डं. जर्मन मला ओ की ठो कळत नाही, पण रकाने कळले. नाव, जन्मतारीख, क्रमांक, धंदा. मी बराच वेळ बघत बसलो. कारकुनाला कारकुनाचा हात ओळखू येतो, आणि ते ओळखणं मला त्या दिवशी काही बरं वाटलं नाही.

मग तिच्याकडून त्यातल्या मोनोवित्झ या एका छावणीचं समजून घेतलं. पोलंडमधल्या ऑशविट्झजवळ आय. जी. फार्बेन ही जर्मन रसायन कंपनी १९४१ पासून कृत्रिम रबराचा कारखाना बांधत होती. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्याच्याजवळच छावणी उघडली. १९४४ च्या उन्हाळ्यात तिथं अकरा हजारांच्या आसपास कैदी होते, बहुतेक ज्यू. कुशल कैद्यामागे रोजचे ४ मार्क, अकुशलमागे ३. कंपनी हे पैसे एसएसला, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाला, द्यायची, ते सरकारी तिजोरीत जायचे. म्हणजे मस्टर होतं, दर होता, महिन्याचं बिल होतं. मजुराला द्यायच्या रकमेचा रकानाच नव्हता. आपल्याकडं बैल भाड्यानं देणारासुद्धा आधी वैरणीचं विचारतो, कारण बैल त्याला परत पाहिजे असतो. तिथं परत नकोच होता. पातळ सुपावर सिमेंटची पोती वाहून माणूस खंगला, की एसएसचा डॉक्टर त्याला वेगळा काढायचा, जवळच्याच बिर्केनाऊ छावणीतल्या गॅस चेंबरकडं रवानगी व्हायची. त्याच्या जागी नवा. भाडं चालू.

सकाळ-संध्याकाळ हजेरी. दिवसा कामावर जो मेला, त्यालाही सोबत्यांनी उचलून छावणीत आणायचं. आकडा जुळला पाहिजे ना.

इथं मी नातीला थांबवलं. माझ्याही मस्टरवर मेलेली माणसं होती, हे तिला तोवर सांगितलं नव्हतं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात एक म्हातारी कामावर येताना वाटेतच गेली. घरात बाळंतीण सून. मी म्हातारीला दोन आठवडे हजर मांडली, अंगठा सुनेनं दिला. त्याची लाज वाटत नाही. पण नंतर एका कामावर वरच्या साहेबानं पंधरा बोगस नावं घालायला लावली, तीही मी त्याच सुबक अक्षरात मांडली. त्याची वाटते.

"तुलना नका करू, आजोबा," ती म्हणाली. नाहीच करत. आमचा मजूर संध्याकाळी घरी जात होता, आणि पगार लांबला तर मला आईवरून शिव्या देत होता.

मोनोवित्झमधून जिवंत सुटलेल्या नॉर्बर्ट वोल्हाइमनं १९५१ मध्ये फ्रँकफर्टच्या कोर्टात कंपनीवर दावा लावला. १९५३ मध्ये १०,००० मार्कांचा निकाल मिळवला. कंपनी अपिलात गेली. १९५७ ला ३ कोटी मार्कांवर तडजोड झाली, ती इतर कैद्यांसाठीही. आणि बाकीच्या छावण्या, बाकीच्या कंपन्या? जर्मन सरकार आणि उद्योगांचा १००० कोटी मार्कांचा निधी उभा राहायला २००० साल उजाडलं. छावणीत राबलेल्याला जास्तीत जास्त १५,००० मार्क. पंचावन्न वर्षं! आमच्याकडं पगार पंधरा दिवस थकला तर तहसीलवर मोर्चा यायचा.

आणि तो कारखाना? एवढं करून तिथं कृत्रिम रबर कधी तयारच झालं नाही.

मी नातीला विचारलं, "त्या वोल्हाइमला पैसे मिळाले, तेव्हा अंगठा घेतला असेल का?"

"शिकलेला माणूस होता, आजोबा. सही केली असेल."