नवतप्यात ओल्यावर ओलं

जलरंग हाती घेऊन चौदा महिने झाले. वय 63. त्याआधीची 35 वर्षं खतावण्यांत गेली. तिथे आकडा चुकला की लाल शाईने दुरुस्त करता यायचा, इथे तसली सोय नाही.

एप्रिल-मेमध्ये एकच विषय धरला, नागपूरच्या फुटाळा तलावावरची संध्याकाळ. अकरा कागद झाले, नऊ वाया गेले. का गेले ते आता थोडंफार कळलंय, म्हणून ही नोंद.

आकाशासाठी कागद आधी ओला करायचा आणि ओल असतानाच रंग सोडायचा. व्हिडिओतले विलायती गुरुजी पाणी फिरवतात, ब्रश निवडतात, दोन गोष्टी सांगतात, मग सावकाश निळा उचलतात. त्यांच्या हवेत चालत असेल बाप्पा! इथे नवतपा, म्हणजे मेअखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, आणि पारा 45 ला टेकलेला. मी अल्ट्रामरीन निळा कालवेपर्यंत कागदाची वरची कड कोरडी ठाक. अर्धं आकाश मऊ, अर्ध्यावर ब्रशचे फराटे. ते झाकायला मी वरून पाणी मारायचो आणि तिथेच घात व्हायचा. अर्धवट सुकलेल्या रंगात नवं पाणी शिरलं की ते रंगाचे कण ढकलत नेतं. मधे पांढुरकं राहतं, भोवती दातेरी कड उठते. अगदी फुलगोबी. तिसऱ्या कागदावर बायको डोकावली. "आकाशात गोबी काहून लावून राहिले जी?"

पहिला दोष कागदाचा निघाला. शंभर टक्के कॉटन म्हणून एका दुकानातून महागाचा गठ्ठा आणला होता. तो लाकडाच्या लगद्याचा असावा, कारण पाणी वरच्यावर तरंगायचं आणि उडून जायचं. खरा कॉटनचा, 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम) जाड कागद पाणी पोटात धरून ठेवतो. त्याचे फार मोठे ताव मी घेत नाही. 11 बाय 15 इंच, म्हणजे क्वार्टर (पूर्ण तावाचा पाव), माझ्या हाताला पुरे.

दुसरी युक्ती जुन्या टीपॉयच्या काचेची. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून पाच मिनिटं मुरू दिला आणि काचेवर चिकटवला, की खालची ओल वर येत राहते. जिथे दोन मिनिटं मिळायची तिथे सात-आठ मिळतात. पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंबही टाकून पाहिले, उपयोग होतो. एकदा हौसेने सहा-सात टाकले, तर चित्र चार दिवस चिकचिकत राहिलं आणि त्यावर एक चिलट कायमचं बसलं.

कूलरचंही शास्त्र आहे. समोर बसलं की वाऱ्याने कागद आणखी लवकर सुकतो, शिवाय गवताची कुसळं येतात. कूलर चालू ठेवून झोताबाहेरच्या कोपऱ्यात बसायचं. खोलीत दमटपणा राहतो आणि वारा लागत नाही.

वेळ मात्र घड्याळाने नाही, चकाकीने मोजायची. कागद तिरपा धरून बघा. आरशासारखा चमकत असेल तर थांबा, रंग वाहून जाईल. सादळलेल्या पापडासारखा मंद दिसला की ढग सोडा. चकाकी गेली की ब्रश खाली ठेवा, कितीही हात शिवशिवले तरी. हे शेवटचं मला अजून जमत नाही.

दहावा कागद त्यातल्या त्यात बरा उतरला. पलीकडची झाडी अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून होणाऱ्या करड्यात केली. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यामुळे झाडीला आपोआप धूळ आली. मेमधल्या फुटाळ्याला ती हवीच. कारंज्यांचे सांगाडे सरळ गाळले. पाण्यावरची उन्हाची पट्टी म्हणजे नुसता कोरा कागद. ट्यूबमधला पांढरा लावायचा मोह झाला होता. पण म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं सावळाराम हळदणकरांचं, हाताआड दिवा धरलेल्या बाईचं चित्र डोळ्यांपुढे आलं. कित्येक जण ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात, आणि आहे जलरंग! पांढरी ट्यूब डब्यात गेली.

आता पाऊस आला की सगळं उलटं होणार. मागच्या जुलैत एक आकाश संध्याकाळपर्यंत ओलंच होतं. यंदा सुनेचा हेअर ड्रायर मागावा म्हणतो. अजून विचारलेलं नाही.