दाजीपूरच्या वाटेवर देवगांडूळ

पावसाळ्यात दाजीपूरला निघालो म्हटलं की कोल्हापुरातला माणूस आधी विचारतो, "गवा दिसणार काय?" बहुतेक नाही. पाऊस लागला की जंगलातली सफारी बंद होते आणि १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे रान बाहेरूनच बघावं लागतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. गवा उन्हाळ्यात पाणवठ्यावर निवांत बघता येतो. पावसात या पट्ट्यात जे वर येतं ते एरवी जमिनीखाली असतं आणि त्याला तिकीट लागत नाही.

राधानगरीपर्यंतचा रस्ता ऊस, चहा आणि खड्डे यांत संपला. धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले होते, त्यामुळे तिथं उभं राहायलाही जागा नव्हती. पुढं गेलो.

पुढच्या एका शिवारात भाताचा बांध फुटला होता आणि दोघं-तिघं खोऱ्यानं माती ओढत होते. एका ओढीसरशी मातीबरोबर ते बाहेर आलं. वीतभराहून लांब, करंगळीएवढं जाड, जांभळट करडं, तेल लावल्यासारखं चकचकीत, अंगभर बारीक वळ्या. "हात लावू नगासा, इखारी असतंय," एकजण म्हणाला. दुसऱ्याला ते मांडूळ वाटलं. खोरं पुन्हा वर गेलं होतं. थांबा म्हटल्यावर खाली आलं, पण नाखुशीनंच.

घाटाखाली आणि घाटावर देवगांडूळ मरतं ते याच घोटाळ्यात. ते साप नाही, गांडूळही नाही. ते बेडकाच्या गोत्रातलं, बिनपायाचं उभयचर आहे. ओळखायला अवघड नाही. गांडूळ ताणतं आणि आखडतं, हे सापासारखं वळवळत जातं. गांडुळाला जबडा नसतो. याला जबडा आहे आणि त्यात दातही आहेत. वाळा नावाचा बारका साप यासारखाच दिसतो, पण त्याच्या अंगावर कोरडे, गुळगुळीत खवले असतात आणि शेपटीच्या टोकाला छोटा काटा. मांडुळाचं अंगही कोरडं. देवगांडूळ ओलं आणि बुळबुळीत. काही जातींच्या दोन्ही कुशींना पिवळा पट्टा असतो, तो दिसला तर शंकाच नको. सगळ्यात नवलाची खूण मात्र गुडघे टेकून बघितल्याशिवाय दिसत नाही: डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे एक इवलासा स्पर्शक असतो. डोळ्यांना जेमतेम उजेड-अंधार कळतो, म्हणून वास आणि स्पर्श या टोकातून घ्यायचा. त्या बांधावर तो आत-बाहेर होताना दिसत होता.

जगात यांच्या दोनशेवर जाती आहेत, जवळपास सगळ्या उष्ण कटिबंधातल्या. केनियाच्या तैता टेकड्यांतल्या जातीत आईची वरची कातडी चरबीनं जाड होते आणि पिल्लं खास दातांनी ती खरवडून खातात. २००६ साली हे शास्त्रज्ञांनी नोंदवलं. ब्राझीलच्या एका जातीची आई अंड्यातून निघालेल्या पिल्लांना दुधासारखा स्निग्ध द्रव पाजते आणि पिल्लं आवाज करून तो मागतात, हे २०२४ साली प्रसिद्ध झालं. कोलंबियातलं एक तर दीड मीटरपर्यंत वाढतं. आपल्याकडच्या इक्थिऑफिस गटातली मादी पाण्याजवळच्या ओल्या मातीत अंडी घालते आणि त्यांभोवती वेटोळं घालून बसते. पिल्लं मग पाण्यात उतरतात. म्हणून ओल धरणारा मातीचा बांध आणि शेजारचा ओहोळ दोन्ही लागतात. बांध सिमेंटचा केला किंवा त्यावर तणनाशक मारलं की ही साखळी तुटते.

बघायचंच असेल तर अभयारण्याबाहेर, शेतमालकाला विचारून. चांगला पाऊस होऊन गेल्यावर, संध्याकाळनंतर, शेणखताच्या ढिगाच्या कडेला किंवा बांधावरच्या दगडाखाली. दगडाची पलीकडची कड काठीनं आपल्याकडं उचलायची, म्हणजे फट आपल्या विरुद्ध बाजूला उघडते. खाली फुरसं किंवा इंगळी असू शकते. बघून झाल्यावर दगड आधी होता तसा ठेवायचा आणि मग प्राण्याला कडेनं आत जाऊ द्यायचं. वरून दगड टाकला तर चेंगरतं. हात लावायचा नाही. याची कातडी श्वासही घेते आणि औषधंही शोषते, त्यामुळे सॅनिटायझर, डासांचं मलम किंवा तंबाखू लागलेला हात त्याला घातक. मुळात उन्हात किंवा पांढऱ्या टॉर्चखाली दोन मिनिटांपेक्षा जास्त उघडं ठेवायचं कशाला?

हे लिहितोय ते एका रिसॉर्टच्या 'नाइट ट्रेल'मुळे. वाटाड्यानं झाडबेडूक पानावरून उचलून पाहुण्यांच्या तळहातावर दिला, सगळ्यांचे फोटो झाले, मग तो भलत्याच झाडावर ठेवला. झाडबेडूक बहुधा साचलेल्या पाण्यावर ओठंगलेल्या फांदीवर फेसाचं घरटं करतात, म्हणजे त्यातून निघालेली शेपटीवाली पिल्लं थेट खाली पाण्यात पडावीत. नराला तिथून उचलून रस्त्याकडेच्या निलगिरीवर ठेवलं तर त्यानं कुणाला साद घालायची? जेवणातला पांढरा रस्सा फक्कड होता, हे मात्र कबूल.

दुसऱ्या दिवशी आजऱ्यावरून आंबोली. रविवार, धबधब्याखाली मोटारींची रांग, भिजलेल्या मक्याचा वास. याच आंबोलीच्या मातीतून गेजेनिओफिस डॅनिएली हे देवगांडूळ २००३ साली विज्ञानाला नवं म्हणून नोंदलं गेलं; नाव पक्षी-प्राणी अभ्यासक जे. सी. डॅनियल यांच्यावरून. पुढच्याच वर्षी कोयनेजवळच्या हुंबरळीतून आणखी एक. कोल्हापूरहून दाजीपूर आणि आंबोली दोन्हीकडं सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, पण या प्राण्यासाठी रात्र हवी, तेव्हा मुक्काम आजऱ्यात करावा. तिथं स्वस्त पडतं आणि धबधब्याची गर्दी तिथवर येत नाही.