हलती इमोजी बनवताना: फ्रेम कमी, कडा स्वच्छ

चॅटच्या ओळीत इमोजी दिसते ती जेमतेम २०-२४ पिक्सेलची. १२८ पिक्सेलच्या कॅनव्हासवर मन लावून काढलेल्या पापण्या, दातांच्या फटी, गालावरची छटा पाठवल्यावर कुणालाच दिसत नाही. म्हणून डोळे आणि तोंड भरपूर मोठे काढा, बाह्यरेषा किमान ६ पिक्सेल जाड ठेवा. गिंप या चित्रं काढायच्या मोफत प्रोग्राममध्ये त्याच चित्राची दुसरी खिडकी १८ टक्क्यांवर उघडी ठेवून काम करा; तिथे भाव कळला नाही, तर तो रेखाटनातच कमी पडलाय.

हालचालीला फ्रेम फार लागत नाहीत, वेळ मात्र नीट वाटावा लागतो. डोळा मिचकावायला चारच फ्रेम पुरतात: उघडा १.५ सेकंद, अर्धा ०.०५, मिटलेला ०.१, पुन्हा अर्धा ०.०५. सगळ्या फ्रेमना सारखाच वेळ दिला की चेहरा यंत्रासारखा हलतो. हात हलवायचा असेल तर दोन्ही टोकांना हात थोडा रेंगाळू द्या, मधून झटकन जाऊ द्या. जिफमध्ये, म्हणजे हलत्या चित्राच्या फाइलमध्ये, वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, पण अगदी १ भाग दिला तर बहुतेक ब्राउझर त्याचे १० करतात आणि वेगवान हालचाल उलट रांगायला लागते. किमान २ भाग द्या.

सगळ्यात जास्त घोळ कडांचा. जिफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण भरलेला, मधलं काही नाही. मऊ ब्रशने काढलेली अर्धपारदर्शक कड पांढऱ्या रंगात मिसळून सेव्ह झाली, की डार्क मोडमध्ये चेहऱ्याभोवती पांढरी किनार उठते. त्यामुळे ब्रशऐवजी पेन्सिल वापरा, सिलेक्शनचं अँटी-एलियासिंग (कडा मऊ करणारी सोय) बंद करा, आणि शेवटी प्रत्येक लेयरवर (गिंपमध्ये एक लेयर म्हणजे एक फ्रेम) थ्रेशोल्ड अल्फा चालवा; अर्धपारदर्शक पिक्सेल त्याने एकतर पूर्ण भरतो किंवा पूर्ण पारदर्शक होतो. बाह्यरेषा गडद असेल तर उरलीसुरली खडबड लपते.

आधीच्या फ्रेमचा हात मागे तसाच राहिलेला दिसला, तर एक्सपोर्ट करताना फ्रेम एकावर एक चढवल्या गेल्यात. तिथे 'रिप्लेस' निवडा. 'लूप फॉरएव्हर'वर खूण आहे ना, तेही बघा.

फाइलचा आकार: स्लॅकला १२८ केबी, डिस्कॉर्डला २५६ केबी. जास्त झाली तर आधी रंग ३२ वर आणा आणि डिदरिंग, म्हणजे नसलेल्या रंगाचा भास ठिपक्यांनी करणं, बंद करा. डिदरिंगचे विखुरलेले ठिपके जिफच्या एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशनला दाबता येत नाहीत, कारण ते सलग, पुन्हा पुन्हा येणाऱ्या रंगांवरच चालतं. शिवाय फ्रेमगणिक ठिपके बदलून सपाट रंग लुकलुकतो. एवढ्यावर भागलं नाही तरच फ्रेम काढा.

व्हॉट्सअ‍ॅपचा हलता स्टिकर मात्र ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा, वेबपी या फाइल प्रकारातला लागतो, ५०० केबीच्या आत. वेबपीत अर्धपारदर्शक कडा टिकतात, तेव्हा तिथे मऊ ब्रश खुशाल वापरा.